पाण्याच्या पाळीतला सोबती

२० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी मुंबईत वारले. वय ९१ होते. वर्तमानपत्रांत फोटो आले, मोठमोठ्या लोकांनी चार चांगले शब्द लिहिले. बहुतेकांनी त्यांना गाण्यांच्या कार्यक्रमाचे निवेदक म्हटले. ते खोटे नाही. पण आमच्या उसाच्या मुलखात ज्यांनी त्यांना ऐकले, त्यांचे तेवढ्याने समाधान होत नाही. गाणी काय, हल्ली कुठेही वाजतात. ज्या माणसाला आपण जन्मात कधी पाहिले नाही, त्याच्या जाण्याने घरातले कुणी वडीलधारे गेल्यासारखे का वाटावे? मी बरेच दिवस मनाशी हाच विचार करत होते. तो आपल्या घरच्याच मंडळींपुढे मांडते आहे.

आधी या गृहस्थांची थोडी माहिती सांगते. जन्म २१ डिसेंबर १९३२ चा, मुंबईतला. घरची भाषा गुजराती, शिक्षणात इंग्रजी. थोरले भाऊ हमीद सयानी हे इंग्रजी कार्यक्रमांचे नावाजलेले निवेदक. त्यांनीच या धाकट्याला अगदी लहानपणी बोटाला धरून रेडिओ केंद्रावर नेले. पुढे अमीन हिंदीसाठी आवाजाची परीक्षा द्यायला गेले, तर त्यांना नापास केले. वाचता चांगले, पण उच्चारात गुजराती आणि इंग्रजी डोकावते, असा शेरा मिळाला. ज्यांचे हिंदी पुढे साऱ्या देशाने कानात साठवले, त्यांची सुरुवात ही अशी. ही हकिकत ते स्वतःच हसत हसत सांगत.

मग हे हिंदी त्यांना आले कुठून? तर आईकडून. त्यांच्या आई कुलसुम सयानी यांनी प्रौढ माणसांना साक्षर करण्याच्या कामाला वाहून घेतले होते. गांधीजींच्या इच्छेनुसार त्या 'रहबर' नावाचे एक पाक्षिक काढत. भाषा एकच, साधी हिंदुस्थानी, पण छापायचे तीन लिप्यांत: नागरी, उर्दू आणि गुजराती. नुकतीच अक्षरओळख झालेल्यांसाठी ते निघे. आईच्या या कामात अमीन हाताखाली असत. काल ज्याने पाटीवर 'ग' गिरवला, त्याला आज कळेल असे लिहायचे, ही शिस्त त्या वयात अंगी बाणली. बोजड संस्कृत शब्द नको, जड फारसी नको. मला वाटते, पुढच्या साऱ्या कीर्तीचे बी त्या पाक्षिकात पेरले गेले होते.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणत असू, अक्षरशत्रू होत्या. अंगठा उठवायच्या. पण बुधवारी रात्री आठ वाजता चुलीपुढचे सारे आवरून ओसरीवर येऊन बसायच्या. मी नवी सून होते, १९७५ चा सुमार असेल. एकदा धीर करून विचारले, "आत्ती, तुमाला हिंदी कळतंय व्हय?" तर म्हणाल्या, "ह्येचं हिंदी कळतंय गं. त्या तलाठ्याचं मराठी कळत न्हाई बग."

यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र सयानी यांना कुणी दिले असेल असे मला वाटत नाही. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण तेव्हा आत्ती हयात नव्हत्या.

तो बुधवारचा कार्यक्रम म्हणजे 'बिनाका गीतमाला'. तो आपल्या देशातून लागत नसे, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. १९५२ साली केसकर नावाचे गृहस्थ नभोवाणीमंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोक काही गाणी सोडायला तयार नव्हते. त्यांनी रेडिओचा काटा फिरवला आणि तो सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेत जाऊन थांबला. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी आपल्या फौजांसाठी तिथे जबरदस्त ताकदीचे यंत्र बसवले होते. युद्ध संपल्यावर ते रेडिओ सिलोनच्या हाती आले. कोलंबोतून बोललेले आमच्या पंचगंगेच्या काठी ऐकू येई ते त्यामुळे. शॉर्ट वेव्हचा आवाज मात्र नदीच्या पाण्यासारखा, घटकेत जवळ येई, घटकेत लांब जाई. लांब गेला की सगळे माना पुढे करत, जणू मान पुढे केल्याने कोलंबो जवळ येणार होते.

गीतमालेचा पहिला कार्यक्रम ३ डिसेंबर १९५२ ला झाला. सयानी तेव्हा मुंबईत कॉलेजात शिकत होते. दात घासायच्या पेस्टची कंपनी पैसे देणार, कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होणार, फीत विमानाने कोलंबोला जाणार, अशी व्यवस्था. लिहायचे, बोलायचे, आलेली पत्रे उघडून बघायची, सगळे एकाच माणसाने. मेहनताना आठवड्याला २५ रुपये. जाणत्या निवेदकांना ते परवडेना, म्हणून काम या पोराच्या गळ्यात पडले. सुरुवातीला सात गाणी उलटसुलट क्रमाने लावून श्रोत्यांना क्रम ओळखायला सांगत. बक्षीस १०० रुपये. चाळीस-पन्नास पत्रे येतील अशी अटकळ होती. पहिल्याच खेपेला नऊ हजार आली! पुढे आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला. उघडून वाचणार कोण? अखेर १९५४ च्या शेवटी स्पर्धाच बंद केली आणि लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी लावायची पद्धत सुरू झाली. दुकानांतून कोणत्या तबकड्या किती खपल्या, आणि गावोगावच्या श्रोता संघांनी काय कळवले, याचा मेळ घालून तो क्रम ठरे.

इथे मला मुद्द्याची गोष्ट सांगायची आहे. हा माणूस बोलत होता एकतर्फी, पण आम्हांला तसे कधी वाटले नाही. पत्रांची नावे तो वाचायचा, गावांची नावे वाचायचा. झुमरी तलैया हे गाव आमच्या घरात कोल्हापूरच्या खालोखाल प्रसिद्ध होते. माझी मुले समजत की ते नाव रेडिओवाल्यांनी गमतीने काढले असावे. पण ते खरेच आहे, आज झारखंडात आहे, अभ्रकाच्या खाणींचा मुलूख. तिथून फर्माइशीची पत्रे इतकी येत की सगळ्या देशाला ते नाव पाठ झाले. खाणीच्या धुळीतल्या त्या लोकांना आपले नाव एकदा हवेतून ऐकायची केवढी हौस असेल! आम्ही त्यांना हसायचो. आणि आमच्या गल्लीतल्या दोन पोरांनी गुपचूप चार कार्डे टाकली होती, हे पुढे कळले.

शिवाय त्यांची हाक. 'बहनों और भाइयों'! त्या काळी सभेत, चावडीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये जो तो 'बंधू आणि भगिनींनो' म्हणे, म्हणजे बायका मागून. आमच्याकडे तर बायका सभेतच नसत. रेडिओही पुरुषांचा. ग्रामपंचायतीचा रेडिओ चावडीवर वाजे, तिथे आम्हांला मज्जाव नव्हता, पण जायची रीत नव्हती. घरात ट्रान्झिस्टर आला तो १९७६ साली, उसाच्या पहिल्या चांगल्या बिलातून. चामड्याचे तपकिरी कव्हर, खांद्याला अडकवायचा पट्टा. मामंजी त्याला कुणाला हात लावू देत नसत. आणि त्या मामंजींच्या मांडीवरच्या पेटीतून एक परका माणूस आधी बहिणींना हाक मारी, मग भावांना. आजच्या पोरींना यात काय विशेष, असे वाटेल. मला ते ऐकताना पदर सारखा करावासा वाटे, कुणी आपल्याकडे पाहून बोलले तर करतात ना, तसा.

आता शीर्षकातल्या पाळीविषयी. ज्यांच्याकडे विहीर-बागायत आहे त्यांना ही गोष्ट नवी नाही, पण इतरांसाठी सांगते. आमच्या भागात नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि त्यावर सहकारी पाणीपुरवठा संस्था. मोटारी नदीवर, पाणी पाइपाने वर, तिथून पाटाने शेतोशेत. पाणी रात्रंदिवस चाले आणि पाळी ज्याची त्याला. पाटकरी येऊन सांगून जायचा, "तुमची पाळी बुधवारी रातच्या धाला." दहा म्हणजे दहा. मग आमचे हे खांद्यावर खोरे, हातात बॅटरी, डोक्याला घोंगडे घेऊन निघत. पहाटे चारपर्यंत दारे धरायची, म्हणजे एका सरीत पाणी पुरते भरले की ते मोडून दुसऱ्या सरीत वळवायचे. उसाची पात कापते, पायाखाली काय आहे दिसत नाही. आमच्या भावकीतला एक तरणाताठा गडी अशाच रात्री पान लागून गेला. तेव्हापासून आत्ती मला म्हणत, "तू जा गं संगं. एकाला दोन असलेलं बरं." मूल त्यांच्या कुशीत टाकून मी जायची. ट्रान्झिस्टर बांधावर, आवाज मोठा. जिवाणू आवाजाने बाजूला होते अशी समजूत. ते खरे की खोटे ते सापालाच ठाऊक, माणसाचे मन मात्र बाजूला होत नसे एवढे खरे.

गीतमाला आठाला लागून नऊला संपे. म्हणजे पाणी यायच्या आधीच सयानी निघून जात. त्यानंतर विविध भारती, तेही रात्री बंद होई. आकाशवाणीची उर्दू सेवा मध्यरात्र उलटून गेल्यावरही थोडा वेळ चाले, त्यातल्या गझला ऐकत एक-दोन वाफे निघत. नंतर नुसती खरखर. तेव्हा यांना झोप येऊ नये म्हणून मी संध्याकाळची गीतमाला पुन्हा सांगत बसे. सयानींचा आवाज काढून, "पायदान नंबर पाँच पर..." असे. हे खोऱ्यावर हनुवटी टेकून हसायचे. एकदा पलीकडच्या रानातून शेजारचे भावजी ओरडले, "वैनी, तिसरं कंचं हुतं, ऱ्हायलं की!" अंधारात ते ऐकत होते हे आम्हांला ठाऊकच नव्हते.

मंडळी, रेडिओने ऐकणाऱ्याचे ऐकून घ्यावे, हा विचार आपल्या महाराष्ट्रात जुना आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. प्रत्येक गावात वीसेक शेतकऱ्यांचे मंडळ. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर आपसांत चर्चा करायची, आणि जे ठरले, जे कळले नाही, जे पटले नाही, ते केंद्राला लिहून कळवायचे. केंद्राने त्यातल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांत उत्तरे द्यायची. असे वीस कार्यक्रम झाले. कल्पना कॅनडातल्या शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांवरून घेतलेली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली आणि फरक स्पष्ट दिसला. जिथे नुसता रेडिओ होता त्या गावांपेक्षा मंडळ होते त्या गावांतल्या लोकांना शेतीचे, खताचे, जनावरांचे ज्ञान अधिक आले. पुढे १९५९ पासून ही मंडळे देशभर काढली गेली. काही वर्षे ती जोरात होती, मग हळूहळू थंडावली. सरकारी कामाला सुरुवातीचा उत्साह असतो, पुढे फाईल उरते.

पण पत्राला उत्तर द्यायची रीत राहिली. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले, तेव्हापासून आमच्या भागाला जवळचा आवाज मिळाला. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात पत्रे वाचत. १९८१ साली आमची एक म्हैस दीड वर्ष भाकड राहिली. दूध संघाला दूध घालून चार पैसे घरात येत होते, ते बंद. सगळे म्हणाले, विकून टाका. आत्तींचा तिच्यावर जीव, माहेरच्या जातीची म्हैस. मला म्हणाल्या, "लिव सांगलीला. बिनाकावाल्याला पत्रं जात्यात, मग ह्यास्नी का न्हाई?" मी चौथी शिकलेली. पंधरा पैशांचे कार्ड, त्यात मावेल तेवढे लिहिले: म्हैस इतक्या वेताची, वैरण अमुक, माजावर येतच नाही, काय करावे.

तीन आठवड्यांनी संध्याकाळी उत्तर आले. मी भाकरी थापत होते. गावाचे नाव घेतले तेव्हा हातातली भाकरी परातीतच राहिली. जनावरांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले, की गायीसारखा म्हशीचा माज दिसत नाही, विशेषतः उन्हाळ्यात. ती ओरडत नाही, दंगा करत नाही. याला मुका माज म्हणतात. लक्षणे दिसली तर रात्री उशिरा किंवा पहाटे दिसतात, आणि तेव्हा मालक झोपलेला असतो. म्हणून रात्री दहाला आणि पहाटे चारला गोठ्यात चक्कर मारा. काचेसारखा स्वच्छ सोट टाकते का, सारखी थोडी थोडी लघवी करते का, वैरण टाकून उभी राहते का, ते पाहा. २१ दिवसांनी पुन्हा पाहा. रात्री माज दिसला तर सकाळी, सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवून घ्या. सोबत क्षार मिश्रण द्या, उन्हाच्या वेळी अंगावर पाणी मारा.

वाचकांपैकी कुणाची म्हैस अशी अडली असेल तर हे आजही तितकेच लागू आहे. आमच्याकडे रात्री जागणारे माणूस होतेच. पाण्याच्या पाळीला जाता-येता हे वस्तीवरच्या गोठ्यात डोकावू लागले. सतराव्या दिवशी पहाटे धावत घरी आले, "आगं, ऊठ. मुकी बोलली!" म्हैस गाभण राहिली. दहा महिन्यांनी रेडी झाली. गल्लीत तिचे नाव पडले 'रेडिओची रेडी'. पुढे तिच्या दुधावर थोरलीचे हायस्कूल झाले. म्हैस विकली असती तर ते झाले असते की नाही, सांगवत नाही.

माझा भाचा ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असतो. सुरुवातीची काही वर्षे तो रात्रीचा टॅक्सी चालवी. तिकडची एक गोष्ट त्याने सांगितली ती ऐकून मी थक्क झाले. तिथे सरकारी रेडिओवर रात्रभर माणूस बसलेला असतो आणि लोक त्याला फोन करतात. ट्रक चालवणारे, कापणीच्या दिवसांत यंत्रावर बसलेले शेतकरी, रात्रपाळीच्या नर्सबाई, झोप न येणारी म्हातारी माणसे. टोनी डेलरॉय नावाच्या गृहस्थाने १९९० पासून २०१६ पर्यंत रात्री दहानंतरचा असा कार्यक्रम चालवला. सव्वीस वर्षे! मध्यरात्री तो कोडी घाली आणि देशाच्या चारी कोपऱ्यांतून लोक उत्तरे देत. भाचा म्हणाला, "मावशी, हजार किलोमीटरवरचा कुणी शेतकरी त्याला पाऊस किती पडला ते सांगायचा, आणि तो खरंच विचारायचा, पेरणीला पुरेल का म्हणून." भाच्याने स्वतः कधी फोन केला नाही. इंग्रजी बोलायची भीड. पण रात्रीमागून रात्री ऐकत मात्र राहिला.

आपल्याकडे तसे का झाले नाही? एक तर फोनच नव्हते. अख्ख्या गावात एक असला तर सोसायटीत. दुसरे म्हणजे रेडिओ सारा सरकारी, कोण काय बोलेल याची धास्ती. फोनवरचे कार्यक्रम रुळले ते १९९० नंतर. विविध भारतीवर 'हॅलो फर्माइश' लागू लागले. त्याच दशकात कोल्हापूरलाही आकाशवाणीचे एफ. एम. केंद्र आले, पुढे खाजगी स्टेशनेही आली. पोरे-पोरी भराभर बोलतात, विनोद करतात, आवाज गोड असतो. पण खाजगी स्टेशनांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, म्हणून बोलणे सिनेमा आणि वाढदिवसांभोवती फिरते. रात्र चढली की पुष्कळ ठिकाणी नुसती गाणी, आधीच लावून ठेवलेली. समोर माणूस नाही हे ऐकणाऱ्याला कळते. कसे कळते ते सांगता येणार नाही, पण कळते.

शेतकऱ्यांसाठी सरकारने जानेवारी २००४ मध्ये किसान कॉल सेंटर सुरू केले. १८००-१८०-१५५१ हा नंबर, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. चांगली सोय आहे, जरूर वापरावी. वेळ सकाळी सहा ते रात्री दहा. दहाला आमचे पाणी सुरू होते, हा योगायोग मला प्रत्येक वेळी खटकतो. माणसाला शंका दिवसा सुचतात की रात्री, हे ज्याने रात्र काढली आहे त्याला विचारावे.

पुन्हा सयानींकडे वळते. १९५२ पासून १९८८ पर्यंत सिलोनवर, मग १९८९ पासून १९९४ पर्यंत विविध भारतीवर, एकाच कार्यक्रमात चार दशके. त्याशिवाय जाहिराती, मुलाखती, परदेशांतल्या स्टेशनांसाठीचे कार्यक्रम. सगळे मिळून ५४ हजारांवर कार्यक्रम केले म्हणतात. या काळात आमच्या घरी मामंजी गेले, आत्ती गेल्या, ट्रान्झिस्टर तीन झाले. दूरदर्शन आले तशी बुधवारची ओसरी ओस पडत गेली. चित्र दिसू लागल्यावर कोण कान टवकारून बसणार? तक्रार नाही, मीही रामायण बघायला पहिल्या रांगेत असे. फक्त एक सांगते. टीव्हीसमोर आम्ही सगळे एका दिशेला तोंड करून गप्प बसू लागलो. रेडिओभोवती गोल बसायचो, एकमेकांची तोंडे दिसायची. आत्ती मध्येच विचारायच्या, "काय म्हनला?" आणि कुणीतरी सांगायचे.

माझे हे २०११ साली गेले. शेती आता धाकटा बघतो. संस्थेच्या पाण्याला जोड म्हणून विहीर काढली आहे. पण शेतीची वीज अजून पुष्कळ ठिकाणी एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, तशीच आमच्याकडेही. मोबाईलवरून मोटार चालू होते, हे खरे. पण सरी मोडायला अजून मोबाईल निघालेला नाही. ठिबक अर्ध्या रानात झाले, उरलेल्या अर्ध्यात तो रात्री उभा असतो. सुनेला पहाटे डबे करून कामावर जायचे असते, तिला मी सोबत जाऊ देत नाही. त्याच्या कानात ते बोंडे असते, त्यात गाणी चालतात. मी म्हटले, एक कान मोकळा ठेव बाबा, चाहूल लागत नाही. ते ऐकले त्याने.

मला या वयात झोप कमीच. रात्री दोनच्या सुमारास उशाशी फोन वाजतो. "आई, जागी हाईस व्हय?" जागीच असते. मग तो सांगतो पाणी कितव्या सरीला आले, वरच्या ताटात उंदरांनी किती नासले, शेजारच्या रानात कोण दिसतो आहे. मी सांगते कोणती म्हैस उठून उभी आहे. कधी पाच मिनिटे, कधी अर्धा तास. गेल्या गुरुवारी त्याने विचारले, "त्या बिनाकाच्या कार्यक्रमात पयला नंबर कसा ठरवायचे गं? फोन तर नव्हते." मी तबकड्यांच्या दुकानांपासून सांगायला सुरुवात केली. श्रोता संघांपर्यंत आले होते, तेवढ्यात तिकडे पाट फुटला, आणि "थांब, आलोच" म्हणून त्याने फोन तसाच बांधावर ठेवला. खोऱ्याचा आवाज येत होता. मी तो बराच वेळ ऐकत बसले.